आई आजारी आहे

शिलाई मशीन विकायची जाहिरात द्यायला शिंपीणबाई साप्ताहिकाच्या खिडकीशी उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. बाईंचे कान आपसूक टवकारले.

“‘बाळ, आई आजारी आहे. असशील तसा निघून ये.’ एवढंच छापा.”

“काका, गेल्या वर्षी हेच छापलं होतं आपण,” कारकून म्हणाला.

“तेव्हा ही ठणठणीत होती हो! पोरगा धावत आला, हिला बघून आल्या पावली परत गेला. आता मात्र डॉक्टरांनीच हात टेकलेत.”

“मग ‘खरंच आजारी’ लिहू?”

“‘खरंच’ वाचलं की हमखास खोटं वाटेल त्याला.”

काकू खिडकीचा गज धरून पुढे सरकल्या.

“लिहा, ‘आई अगदी बरी आहे, येऊ नकोस.’ माझं खोटं त्याला लगेच कळतं.”