मांडीवरचं धान

माहेर माहं चामोर्शीकडचं, सासर या गावातलं, अन् दोन्हीकडं धानाचा चिखल. रोवना, म्हंजे धानाची लावनी, करता करता अंगनवाडीत मदतनीस लागली, तवापासून खिचडी शिजवनं, लेकराईचे नाकं पुसनं, दुसरं काई नाई. आता कंबर धरते, गुडघे धरते. काय सांगू तुमाले भाऊ, एकडाव बसली का उठवत नाई.

त्यात शेजारच्या रेखाची चिमी आली. पाच वर्साची पोट्टी, बोले नाई, ताट पडलं का कान दाबून चिरके, भितीले डोकं आपटे. लोकं म्हनत बाहेरचं हाय. मी बी म्हनली असन, खोटं कायले बोलू. मंग ऑफिसातल्या मॅडम आल्या, काटेवाला रबरी चेंडू, खरखरीत-मऊ कपड्याचे तुकडे घेऊन, म्हने मावशी, काई लेकराईच्या मांडीवर वजन असलं का जीव थाऱ्यावर येते, पिशवी तुमीच शिवा. मी जुन्या लुगड्याची शिवली. भरू काय, आमच्या घरी धानाबिगर हाय काय? चिमीनं पिशवी मांडीवर घेतली, वरूनच दाने चोळत राह्यली, अन् भाऊ, अर्धा घंटा बसली. रेखा दारात उभी राहून रडली, मी बी रडली.

मंग तिले पहिलीत घालाचा सवाल आला. शाळेतले गुरुजी वाईट नाई, पन म्हनले वर्गात बसली त ठेवतो, सोमवारी आना. मले वाटलं, पिशवी मळकट झाली, गुरुजी काय म्हनन. धान न काढता तशीच साबनात बुचकाळली. पावसाची झड, वाळाचं नाव नाई, म्हनून चुलीपाशी गोनपाटाखाली दाबून ठेवली. सारी जिंदगी बियान्याचं धान असंच भिजवून, असंच दाबून कोंब आनले, अन् तेच इसरली मी. सोमवारी पाह्यलं त शिवनीतून पांढरे कोंब बाहेर.

घाईनं दुसरी शिवली. चिमीनं फेकून देल्ली. घंटी वाजली अन् पोट्टी अशी चिरकली का सारा वर्ग उभा राह्यला. गुरुजी म्हनले, मावशी, यंदा राहू द्या. रेखानं पोट्टीले कडेवर घेतलं अन् तशीच पावसात निंगून गेली. मले शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं.

मंग मी जुनी पिशवी उसवली, वाळवली, कोरडं धान भरलं, रेखाले म्हनलं आठ दिवस उशाशी घेऊन निज, तुह्या अंगाचा वास लागू दे. पोट्टीनं घेतली. दिवाळीनंतर मी गुरुजीच्या पाया पडली, दारापाशी बसू द्या म्हनलं. आता बसते. कवा बसते, कवा पळते. घंटीच्या आंधी गुरुजी तिले हातानं खुनावतेत, मंग पोट्टी कान झाकून घेते.

माही नोकरी आता सरत आली. परवा शाळेच्या पायरीवर बसली होती, गुडघे दाबत. चिमी आली, माह्याकडं पाह्यलं नाई, पिशवी माह्या मांडीवर ठेवली अन् बाजूले बसली. सुखी राहो बापा लेकरू. तिकडं खिचडी लागल्याचा वास येत होता, पन त्या दिवशी मले उठाचंच नव्हतं.