पूज्य पकडायचं यंत्र

आणि वर मलाच विचारतात, "अगं, पण तू ती रेघ जोडलीसच का?" का म्हणजे काय? जोडली गेली! हात आहे, वळला, जोडली! आता काय हाताला शिक्षा करू? आख्ख्या सभागृहात अंधार झाला हे खरं, ज्वालामुखीवाली पोरं किंचाळली हेही खरं, पण तुम्हाला सांगते, माझा बेत तर याच्या अगदी उलट होता. मला काही होऊच द्यायचं नव्हतं. मला फक्त कोपऱ्यात उभं राहायचं होतं.

माझं नाव तेन्मोळी. तेन म्हणजे मध, मोळी म्हणजे बोली. मधाळ बोलणारी! मोठ्या हौसेनं ठेवलं हो घरच्यांनी, आणि निघालं काय, तर पाहुणे आले की कपाटामागे जाऊन उभं राहणारं ध्यान. वर्गात हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं तरी मला आधी दोन घोट पाणी लागतं. तोवर माझी गैरहजेरी लागलेली असते... असो.

तर शाळेचं विज्ञान प्रदर्शन. ज्याचं यंत्र चांगलं चालेल तो जिल्ह्याला जाणार, आणि जिल्ह्याला गेलेल्याला उन्हाळ्यात महिनाभर इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसू देणार. तिथे ऑसिलोस्कोप आहे! म्हणजे काय, तर विजेची लहर पडद्यावर उमटते, डोळ्यांनी दिसते. आमचे अप्पा इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात, मी जन्मल्यापासून विजेच्या शेजारी राहते, पण तिचं तोंड कधी पाहिलेलं नाही. मला ते पाहायचं होतं. बाकी कप नको, प्रमाणपत्र नको, फोटो तर मुळीच नको.

आमच्या विज्ञानाच्या सेल्वनायकी मिसना मी विचारलं... म्हणजे चिठ्ठीवर लिहून विचारलं, "बोलावं लागेल का?" मिस म्हणाल्या, "यंत्र चाललं तर यंत्रच बोलेल गं. तू नुसती बाजूला उभी राहा." बास! यंत्र चालायलाच हवं, हे तिथेच ठरलं.

आता यंत्र काय? सोपं आहे. घरातली वीज सरळ येत नाही, झोक्यासारखी येते. वर जाते, खाली येते, आणि दर खेपेला मधे शून्यातून जाते. ते शून्य नेमकं कधी आलं हे पकडता आलं, की दिवा हवा तितका मंद करता येतो. पण पकडणार कसं? इकडे दोनशेतीस व्होल्ट, म्हणजे साक्षात आमचे पेरियप्पा, अप्पांचे थोरले भाऊ, दारातून शिरतानाच गरजणारे. आणि तिकडे पाच व्होल्टचं नाजूक सर्किट, म्हणजे मी. दोघांची गाठ पडली की मी जागच्या जागी खलास! म्हणून मधे चार पायांचा एक काळा किडा बसवायचा, त्याला म्हणतात ऑप्टोकपलर. त्याच्या पोटात एका बाजूला इवलासा दिवा आणि समोर इवलासा डोळा. पलीकडे वीज असेतो दिवा जळतो, शून्य आलं की विझतो, आणि अलीकडचा डोळा म्हणतो, आलं! तार नाही, गाठ नाही. दोघांच्या मधे काही नाही, नुसता उजेड!

मी तर वाचूनच गहिवरले. म्हटलं, देवा, हे माणसांसाठी का नाही काढलंस? पेरियप्पा पलीकडे, मी अलीकडे, मधे काही नाही, नुसता उजेड!

अम्माला सांगायला गेले. आमच्या तमिळमध्ये शून्याला पूज्यम् म्हणतात. अम्मा म्हणाली, "पूज्य पकडायला यंत्र कशाला लागतं? तुझे गणिताचे पेपर आण, हवी तितकी पकडून देते." घ्या! घरात असं कौतुक!

बरं, गणिताचं ती अगदीच खोटं नव्हती बोलली. विजेचा जोर मारायला मधे रेझिस्टर लावतात. मी घेतला तांदळाच्या दाण्याएवढा. अप्पांनी तो उजेडात धरला. "कण्णू, बाळा, हा जळेल."

"अप्पा, हिशोबात बसतोय."

"बसू दे. पण बसल्या बसल्या जळेल."

जळला. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. आतून अम्मा ओरडली, "राई कोण जाळतंय?" मग अप्पांनी चांगला जाडजूड रेझिस्टर दिला, आणि बजावून सांगितलं, "सर्किटच्या पाटीवर दोन बाजू वेगळ्या ठेव. मधे बोटभर जागा मोकळी. तिथे रेघ नाही, ठिपका नाही, काही नाही." मी म्हटलं, "माहितीये अप्पा, मधे काही नाही, नुसता उजेड!" इतक्या तोऱ्यात म्हटलं ना... आठवलं की आजही चादर डोक्यावरून घ्यावीशी वाटते.

सर्किटची पाटी घरी करतात ती अशी. तांब्याच्या पत्र्यावर मार्करनं रेघा ओढायच्या आणि पाटी औषधात बुडवायची. मार्करखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. बसले ओढायला. पण दिवस कुठले? मार्गळी महिन्याचे! महिनाभर रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढतेय, आणि कोलमही सिक्कु कोलम, म्हणजे ठिपक्यांना वळसे घालत घालत जाणारी रेघ, जिचं टोक कुठेही सुटं राहता कामा नये. सुटं राहिलं की त्या फटीतून अवदसा घरात शिरते. पाच वर्षांची असल्यापासून फट दिसली की अम्माचं बोट तिथे, आणि माझा हात तिच्या बोटामागे.

तर मी आपली पाटीवर सुरेख वळसे घेतेय, मधली बोटभर जागा अगदी मोकळी ठेवलीय, आणि अम्मा कॉफीचा पेला घेऊन आली. वाकून बघितलं. "झकास गं! पण इथे टोक सुटं राहिलंय बघ." आणि तिचं बोट... आणि माझा हात... सर्रकन! काय देखणी जोडली म्हणून सांगू! वर मीच लांबून मान वाकडी करून पाहिलं आणि स्वतःलाच म्हटलं, आता कसं पूर्ण वाटतंय!

मोकळी जागा बुजवली बाई मी! पेरियप्पांना हाताला धरून थेट माझ्या खोलीत आणून बसवलं!

आणि दुर्दैव पाहा, घरी ते चाललं! मिसनी घरी न्यायला दिलेला लॅपटॉप बॅटरीवर होता, पाच व्होल्टसाठी त्याला यंत्र जोडलं, दिवा हळूहळू उजळला, हळूहळू मंदावला, एकदाही लुकलुकला नाही. लॅपटॉपला हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या. मला वाटलं, आनंदानं!

प्रदर्शनाच्या दिवशी ताऱ्यांचं दालन लावलेल्या मुलांनी सभागृहाच्या खिडक्यांना काळी कापडं ठोकली होती. परीक्षक होते सेन्नियप्पन सर, पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माझ्यासमोर आले. मी मिसकडे पाहिलं, मिसनी यंत्राकडे बोट दाखवलं. आणि लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली! मी चार्जर लावला. चार्जरची तिसरी पिन जाते जमिनीत. माझी सुंदर रेघ जाते लॅपटॉपमधून चार्जरला. मी बटण दाबलं...

फाट्!

सगळी वीज त्या रेघेवरून जमिनीत! चार्जर गेला, दिवे गेले, पंखे गेले, मिट्ट काळोख. आणि आमची कोइमतूरकडची माणसं, तुम्हाला सांगते, घर पेटवलं तरी अहो-जाहो सोडणार नाहीत. अंधारातून सरांचा आवाज आला, "ताई, हे तुम्हीच केलंत का हो?"

आता इथून पुढचं मला स्वतःलाच पटत नाही. मला कोणी दिसत नव्हतं, मी कोणाला दिसत नव्हते, आणि माझं तोंड उघडलं! "हो सर, मीच केलं. यंत्र उत्तम होतं, माणूस फुटका निघाला! तुम्हाला वाटेल वीज वाट चुकली, ती कशी चुकेल, मी तिला रांगोळी घालून आत बोलावलं!" मग कोलम सांगितलं, अवदसा सांगितली, अम्माचं बोट सांगितलं, तिच्या आवाजात 'राई कोण जाळतंय' म्हणून दाखवलं. लोक हसतायत! मिस हसतायत! बंद घड्याळाला किल्ली दिल्यासारखी मी टकटक टकटक... "आणि सर, पुस्तकात साफ लिहिलंय, मधे काही नाही, नुसता—"

आणि दिवे आले. शंभर तोंडं माझ्याकडे. शब्द तिथेच मेला.

सेन्नियप्पन सर डोळे पुसत म्हणाले, "ताई, यंत्र काही पाठवता यायचं नाही हो. जिल्ह्यात तरी थोडी वीज राहू द्या." मी मान खाली घातली. ऑसिलोस्कोप गेला. लहर गेली. तेवढ्यात ते म्हणाले, "पण तुम्हाला मात्र पाठवायलाच हवं."

मी मान वर केली. दोन घोट पाणी नसताना विचारलं, "प्रयोगशाळेत?"

"छे छे! वक्तृत्व स्पर्धेला."

मिसनी तिथल्या तिथे नाव लिहून टाकलं. अम्मानं गल्लीत पायसम वाटलं. विषयही कळलाय. 'मौनाचे महत्त्व'. आणि मधे थांबलं की गुण कापतात म्हणे.