आबांची सगळी बटणं हिरवी

हॅलो? … आबा? मी प्रियदर्शनी. … आवं तुमची लेक, शिरवळहून. … फोन कानाला लावा, असा पुढं धरू नका. … हां.

ऐका. सांगलीच्या दवाखान्यातनं निरोप आलाय, तुमच्या मुतखड्याचा. … व्हय, माझ्या फोनवर. दवाखान्याच्या त्या ॲपमध्ये तुमी रोज बटणं दाबून भरता ना, ते डॉक्टरांनी बघितलं. वीस दिवस सगळी बटणं हिरवी! पाणी बारा गलास, दुखणं न्हाई, ताप न्हाई, लघवी स्वच्छ. म्हणून उद्याचं बोलावणं रद्द. आता महिन्यानं या म्हणालेत. … न्हाई, दुर्बिणीचं ऑपरेशन पण सध्या नगं, खडा आपसूक पडंल म्हणे. … चांगलंच की! शाब्बास आबा.

… स्वानंदी, ताटात हात घालू नगंस, भात गरम हाय. … तुमची नात, दुसरं कोण. …

हे काय वाजलं? … ॲपमधली बाई? काय म्हणाली? … 'लालासाहेब, पाणी घेतलंत का?' … मग तुमी काय दाबलंत? … हिरवं.

आबा, तुमी आत्ता माझ्याशी बोलताय. पाणी कवा पिलासा?

… न्हाई पिलासा. … मग हिरवं का दाबलंत?

… आवं, नाव घेऊन विचारती म्हणून काय झालं? … व्हय, कळतंय मला. कुणी 'जेवलात का' विचारलं की आपण 'झालं, झालं' म्हणतो. पण ती बाई पावणी न्हाई आबा. … तिला वाईट वाटत न्हाई. … न्हाई, तिला कायच वाटत न्हाई.

… काय विचारलंत तिला? … 'तुमचं झालं का?' … मग? … कायच बोलली न्हाई. … न्हाई आबा, रुसली न्हाई ती.

बरं, खरे गलास किती? … तीन. … टँकर कवा आला हुता? … गुरुवारी. आज बुधवार. … आणि बॅरलमधलं मेंढरांना. … मुकी हायत, मान्य. पण खडा मेंढरांना न्हाई, तुमाला हाय.

आणि ते दुखण्याचं बटण? … तेपण असंच. … तापाचं? … आबा, तापाचं?

… 'बरं हाय' काय, आईला द्या फोन. … द्या म्हणते ना.

आई, आबांना काय होतंय? खरं सांग. … कवापासनं? … परवापासनं लघवी लाल. आणि काल दोन घोंगडी घालूनपण हुडहुडी. … अगं मग मला एक फोन… … आबाच म्हणाले, 'तिला सांगू नगं, तिच्या कडेवर पोर हाय.' … व्हय. व्हय. रडू नगंस. ऐक ना… खडा असताना थंडीताप आला की वाट बघायची न्हाई, थेट यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं हुतं. गल्लीतल्या जयराजदादाची जीप दारात हाय का? … मग आत्ताच निघा. मागची फाईल घे, औषधाची पिशवी घे. मी दवाखान्यात कळवते. … आबांना दे.

आबा, निघायचं. … उद्या न्हाई, आत्ता. … मेंढरं शेजारची मनुबाई बघंल. … तिला विचारायला काय झालं?

आणि डॉक्टर विचारतील तवा 'बरं हाय' म्हणायचं न्हाई. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं. … तो उद्धटपणा न्हाई. … लाज कसली? … लेकीला कसं सांगायचं? मग त्या बाईला तरी सांगायचं हुतं. तिला लाजबीज कायच न्हाई. … म्हणा बघू, 'लघवी लाल होतीया.' … मोठ्यानं. … हां. असंच म्हणायचं.

आबा… मी रोज दिवेलागणीला फोन करते. तवा 'बरं हाय' म्हणता… ते?

…

तेपण असंच. … असू द्या. असू द्या आता. इथनं पुढं नगं.

… मी? मी बरी हाय. … व्हय, जेवले की. झालं माझं.

…

न्हाई आबा. न्हाई जेवले. पोरीला दात येतायत, दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. ताट पुढ्यातच हाय. … व्हय, गार झालं. … जेवते. पण आधी जीपचा आवाज ऐकू द्या. ठेवू नका फोन. …

… सुरू झाली? … आई बसली? … तुमी बसलासा? … खरं? … हां, ऐकू येतंय.

बसते मीपण जेवायला. ठेवा.