दादाचा पहिला नंबर

(स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, दबक्या आवाजात.)

वहिनी: फोटो काढून घेतो म्हणून यांचा फोन नेलात ना, भावजी? मग त्यावरून मेसेज कसा आला?

भावजी: मेसेज? कुणाला?

वहिनी: आईंना. यांच्या नावाने. ‘मी परत आलोय, चल खेळू’, आणि खाली काहीतरी दाबायला. हातातलं काम टाकून मघापासून फोन धरून बसल्यात त्या. आता खरं काय ते बोला.

भावजी: अरे देवा... वहिनी, दादाचा तो बिलियर्डचा गेम आठवतो? मित्रांच्या ग्रुपमध्ये त्याचा कायम पहिला नंबर.

वहिनी: आठवतो काय विचारता! दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानेसुद्धा खेळायचे. नर्स ओरडून थकायच्या.

भावजी: तो नंबर घसरायला लागला होता. खेळणारा माणूसच गेला म्हटल्यावर बाकीचे पुढे जाणारच की. मला बघवेना. मीच त्याच्या नावाने खेळायला बसलो, पण माझ्या हातात कुठली आलीय दादाची कला! शेवटी ऑफिसातल्या एकाने मॉड पाठवला.

वहिनी: कळेल असं सांगा.

भावजी: त्याच गेमची चोरटी कॉपी हो. चेंडू कुठे जाणार त्याची रेघ आधीच दिसते, कुणीही जिंकतं. टाकताना मेसेज, सगळ्यांचे फोन नंबर, कशाकशाची परवानगी मागत होती. मी आपला ‘हो’ दाबत सुटलो. तिनेच सगळ्यांना मेसेज धाडले असणार.

वहिनी: आणि यांचा पहिला नंबर?

भावजी: गेमवाल्यांनी पकडलं. खातं कायमचं बंद. त्याच्या नावापुढे ‘फसवेगिरी’ असं लिहिलंय. सगळ्या मित्रांना दिसतंय.

वहिनी: शाबास! ज्या माणसाने साध्या पत्त्यांत कधी लबाडी केली नाही, त्याच्या नावाला मेल्यावर हा डाग!

भावजी: मारा मला, वहिनी. पण त्याचं नाव खाली खाली जाताना बघवत नव्हतं हो.

वहिनी: माझ्यापुढे रडू नका. आत जा, आईंना सांगा. उत्तर कसं लिहायचं म्हणून विचारत होत्या मला.

भावजी: काय सांगू त्यांना?

वहिनी: दादा आलेला नाही, एवढंच सांगा. आणि खालचं ते दाबू देऊ नका.

भावजी: जातो. तुम्हालाही आला असेल ना? तुम्ही नाही ना दाबलंत?

वहिनी: दाबलं. फोन तुमच्याकडे आहे हे माहीत होतं, तरी दाबलं.