द्राक्षमळ्यातली लाल फीत

अरे, तुम्ही काही म्हणा, आमच्या शेजारच्या मृणालपुढं मी हात टेकले बघा. पुण्याहून इकडं कानडी मुलखात आलेली कॉम्प्युटरवाली पोरगी. नंदीच्या डोंगराखाली द्राक्षमळ्यातून, जंगलातून पळायची तिची शर्यत होती. पहिल्या नंबरासाठी सहा महिने रोज पहाटे उठून पळायची हो! मलाही मदतीला नेलं. वाट कळावी म्हणून झाडांना लाल फिती बांधतात, ते काम माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे झालंच की!

फाट्यावरची फीत मी मुद्दाम जंगलाच्या वाटेऐवजी मळ्यातल्या बंद वाटेला बांधली. म्हटलं, स्वल्प गंमत.

मृणाल सगळ्या बायकांच्या पुढं. मळ्यात शिरली, कुंपणाला अडली, परत फिरली. तोवर मागच्या चौघी तिच्याच मागं आत शिरलेल्या. मी ओरडलो, "पळ गं, तूच पहिली येशील!"

"त्या चुकतील ना काका!" म्हणाली. चौघींना हाका मारून बाहेर काढलं, पुढं घातलं, फीत सोडून नीट जागेवर बांधली, मग निघाली. पाचवी आली.

माझं तोंड एवढंसं झालं. शेवटी शर्यतीच्या कानडी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फीत कुणी हलवली?"

मी हळूच मागं सरकलो. मृणाल माझ्याकडं बघतच म्हणाली, "माकड होतं सर. म्हातारं. मी डोळ्यानं बघितलं."

"सरी सरी," म्हणजे बरं बरं, साहेबांना पटलं. सगळे त्या माकडाला शिव्या घालायला लागले.

मी आपला मागं बसून, मान खाली घालून, केळं खात होतो.