श्यामसुंदर वैद्यांच्या हॉलमधली म्हैस

आणि वर सोसायटीवाले विचारतात, दार उघडं का ठेवलंत! अहो, मुलगी बघायला पाहुणे यायचे, तर दार काय खिळे ठोकून ठेवायचं? तुम्हाला सांगतो, श्यामसुंदर वैद्य म्हणजे अख्खा जन्म गिरगावात गेलेला माणूस, चौऱ्याऐंशी साली वाशीला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, लेक स्मिता लग्नाची, दादरचं स्थळ त्या रविवारी यायचं, म्हणून हॉलमध्ये नवी सतरंजी अंथरली, उदबत्ती लावली, दार उघडलं... आणि आलं कोण? म्हैस! हॉलमध्ये! म्हैस हो!

बरं, बावरली वगैरे? छे! माहेरी आल्यासारखी आत शिरली, खिडकीखाली गेली आणि सतरंजीवर बसली. श्यामसुंदरना दरदरून घाम! "हट, हट" म्हणायचं, तर तोंडातून निघालं, "अहो... उठा ना!" म्हशीला अहो!

बायको अरुणाताई किंचाळल्या, तसा जुहूगावचा पंढरी धावत आला. म्हैस त्याचीच. श्यामसुंदर ओरडले, "अरे, ही माझ्या घरात का?" तर पंढरी अगदी शांत, "सायेब, हितंच तिचा गोठा व्हता. सरकारनं जमीन घेतली तवा आमाला नोटीस आली. तिला कोन सांगनार? आनि आता उठवू नका, तिचे दिस भरलेत."

दिस भरलेत! हॉलमध्ये! म्हैस हो!

आणि नेमके तेवढ्यात पाहुणे दारात! श्यामसुंदर मनात म्हणाले, संपलं, पोरीचं स्थळ गेलं! पण मुलाची आई, सरोजिनीबाई, जरीच्या साडीत, एकदा बघितलं न् पदरच खोचला. "बाजूला व्हा! पाय दिसतायत!" बाईंचं माहेर फलटणकडचं, दारात म्हशी हो! मुलगा अरविंद, बँकेतला, इस्त्रीच्या शर्टात पारडाचे पाय ओढतोय, पंढरी ओरडतोय, "हलू, जावयबापू, हलू!" आणि स्मिता पोह्यांचा ट्रे घेऊन उभी... तिच्याकडे बघतो कोण? सुळकन पारडू बाहेर आलं, आणि श्यामसुंदर, जे स्वतःच्या लेकीच्या वेळी हॉस्पिटलच्या पायरीवरून आत आले नव्हते, ते ढसाढसा रडले!

बुधवारी निरोप आला, "माणसं पसंत. मुलगी मात्र बघायची राहिली. रविवारी परत येतो."

श्यामसुंदर तडक पंढरीकडे. "बाबा रे, रविवारी तुझी म्हैस येणार नाही ना?"

"ती कशी येनार सायेब? ती बालंतीन. पन तिची भन हाय ना, तिचे बी दिस भरत आलेत..."

श्यामसुंदरनी हात जोडले. म्हणाले, "सकाळी पाहुणे आहेत रे. तिला... जरा दुपारी येऊ दे."