आमिषाचा डबा

— नाही नाही, उठू नका, मी काही बंदराच्या ऑफिसातला नाही, दंडबिंड मागायला आलेलो नाही. बसा. मी इथं भिंतीवरच बसतो, खाली त्या टेट्रापॉडवर, सिमेंटच्या ठोकळ्यांवर, मी येणार नाही, आज तरी नाही — एकतर हे बूट माझे नव्हेत, सूटही माझा नाही, मामेभावाचा आहे, बाह्या बघा कुठवर येतायत. आणि खाली ओलं आहे. शेवाळ दिसत नाही, पण असतं. तुम्ही इथले नाही ना काका? वाटलंच. इथला माणूस इतका पुढं जाऊन बसत नाही. का म्हणजे — पाय सरकला की माणूस दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीत जातो, मग कितीही बोंबलला तरी वर ऐकू येत नाही, लाटा सगळा आवाज खाऊन टाकतात. कुठून आलात, सोलहून? बरं, राहिलं, नका सांगू. तुम्ही पाण्याकडे बघा, मी आपला बोलतो. आई म्हणते, योंगग्यू एकदा बोलायला लागला की त्याला मूठभर भात भरवून गप्प करावं लागतं. पण दादा गेल्यापासून माझं तोंडच उघडलं नव्हतं, म्हणून आता सगळं एकदम येतंय, चालवून घ्या.

ते वर टेकडीवर लाल विटांचं दिसतंय ना, ते आमचं चर्च. आत्ता तिथं माझ्या दादाच्या नावानं मिस्सा, प्रार्थनाविधी, चालू आहे, पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशीची — आणि मी, सख्खा धाकटा भाऊ, पहिल्या बाकावरचा माणूस, मधेच उठून पळत सुटलो. फादर दादाचं नाव घेत होते, ‘मातिया थेग्यू याच्या आत्म्याला’, आणि मी उठलोच. आईनं हात धरला, तो पण झटकला. लोकांना वाटलं असेल, पोराला सहन होत नाही. वाटू दे. खरं काय ते सांगू? मला आमचा किमचीचा, आईच्या लोणच्यांचा फ्रिज आठवला. हसू नका — हसलात तरी चालेल म्हणा. मिस्सा संपली की सगळे आमच्याकडे जेवायला येणार, माम्या, चुलत्या, आणि कुणीतरी एक बाई बाह्या सरसावून पुढं होणार, ‘थांबा हं, मी मुळ्याची किमची काढते’ म्हणून फ्रिज उघडणार, आणि डाव्या कोपऱ्यात तो डबा. हा. हा बघा. पांढरा, रबर लावलेला. म्हणून पळालो. घरी गेलो, डबा काढला, कोटात घातला आणि समुद्रात फेकायला इथं आलो, तर तुम्ही बसलेले.

काय आहे यात? सांगतो. आधी दादाचं ऐका.

माझा दादा बर्फाच्या कारखान्यात होता. मी शाळा अर्ध्यात सोडून खेकड्यांच्या बोटीवर गेलो, मला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, पण दादा शिकला, रविवारी वेदीजवळ उभा राहून बायबल वाचायचा — असा आवाज होता, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानामागं धरलेला हात काढायच्या. आणि मग त्याला ते झालं. दुखत कुठंच नव्हतं. सकाळी उठायचा, एक मोजा घालायचा, दुसरा हातात घ्यायचा आणि बसायचा. आई मासळीबाजारातून परत यायची तरी तसाच, एक मोजा पायात, एक हातात. मी चेष्टा करायचो, ‘काय दादासाहेब, दुसरा पाय अजून आला नाही वाटतं?’ आधी हसायचा. मग हसेना. मग वाचायला उभा राहीना. मिस्सेला जायचा, पण प्रसाद घ्यायला सगळी रांग पुढं गेली की हा मागं गुडघ्यावर, मान खाली. मी विचारलं, का रे? म्हणाला, मी मोठ्या पापात आहे. कसलं पाप? ना दारू, ना बाई, ना जुगार. म्हणाला, ‘योंगग्यू, माझी आशा गेलीय. देवावर आशा न ठेवणं हे सगळ्यात मोठं पाप आहे.’ आता याला मी काय बोलू? मी खेकडे धरणारा माणूस.

प्रत्येक आठवड्याला कबुली द्यायला जायचा. तेच पाप. फादर आमचे तरुण आहेत, चांगले आहेत, मी त्यांना वाईट म्हणणार नाही, तेच त्याला गाडीत घालून शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. आणि कबुलीनंतर प्रायश्चित्त देतात ना — इतरांना जपमाळ देतात, स्तोत्र देतात — याला म्हणे, घरी जा आणि भाताची एक वाटी पूर्ण संपव. हे पाप नाही, हा आजार आहे, आणि तुझं प्रायश्चित्त हे. दादानंच मला सांगितलं. मग बसायचा समोर वाटी घेऊन, रडत रडत एकेक घास. मी म्हणायचो, ‘आयला, असं प्रायश्चित्त मला मिळालं असतं तर मी रोज एक खून केला असता!’ त्या दिवशी हसला. भात नाकात गेला त्याच्या. आई ओरडली दोघांवर. ते शेवटचं — नाही, शेवटचं नाही, नंतरही हसला असेल. मला आठवायला पाहिजे. मला एवढंच आठवतंय.

गोळ्यांनी मधे बरा होता, खोटं कशाला बोलू. परत कामावर जायला लागला, दोन्ही मोजे घालून. मला म्हणाला, रविवारी गळ घेऊन मासे गरवायला जाऊ. मी लगेच दुकानातून गळाला लावायचे किडे आणले. आई ओरडली, ‘किमचीच्या फ्रिजमध्ये किडे ठेवता? मेल्यांनो, मी हात घालते तिथं!’ तो हा डबा. त्या रविवारी वारा होता, गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हणालो.

तर त्याच आठवड्यात. आम्ही दोघं जाळी धूत होतो. मला म्हणतो, असाच, जाळ्याकडे बघत — जो माणूस स्वतःच जातो, त्याच्यासाठी आपली माणसं गातात का? म्हणजे मृतांची प्रार्थना. तुम्ही ऐकली नसेल. आमच्याकडे माणूस मेला की चर्चमधली माणसं येतात, दोन बाजूंनी बसतात आणि गातात, आपल्या जुन्या रडक्या चालीत, एक ओळ या बाजूनं, एक त्या. एकट्याला गाता येत नाही ती. एकट्यानं म्हटली तर अर्धीच होते. तीन दिवस, रात्रंदिवस, एक टोळी दमली की दुसरी बसते. दादाला ती फार आवडायची, लहानपणापासून, कुणाच्याही मयताला जाऊन बसायचा. तर त्यानं विचारलं, आणि मी — मला कळलं होतं हो काका. मी शिकलेला नाही, पण मूर्ख नाही, मला कळलं तो कुणाबद्दल विचारतोय. आणि मला वाटलं, याला भीती घालावी. अशी घालावी की थांबलाच पाहिजे. आजोबा सांगायचे ना जुनं, ते मी त्याला सांगितलं — ‘गातात? अरे, कोण गाणार? फादर दारात पाय ठेवत नाही. मिस्सा नाही, गाणं नाही, कुंपणाच्या बाहेर पुरतात कुत्र्यासारखं. आईला तोंड दाखवायला जागा उरत नाही.’ मला वाटलं, कुंपण घातलं मी. चांगलं उंच कुंपण घातलं.

दादा म्हणाला, ‘असं का. बरं.’ आणि जाळी धुवायला लागला.

मग तो सापडला, ठोकळ्यांच्या फटीत. तिथं. तुम्ही बसलाय तिथून थोडं अलीकडे. आणि वर ठोकळ्यावर त्याची गळाची काठी, पाण्यात नीट तंगूस, गळाची दोरी, सोडलेली, शेजारी बादली. पोलीस म्हणाले, सरकला बिचारा, दर वर्षी एखादा सरकतो. आई म्हणाली, मी दोघांना कितीदा सांगितलं, तिथं बसू नका. सगळे म्हणाले, घसरला. मी पण म्हणालो, घसरला. माझं तर मनच तिथं घट्ट धरून बसलं — घसरला, घसरला. मिस्सा झाली, गाणं झालं, सगळं झालं.

आता आगाथा आजी. मयताची गाणी तीच चालवते आमच्याकडे, आयुष्यभर मासे विकले, दात नाहीत, पण सूर असा की समोरची बाजू चुकली तर डोळ्यानंच चापट मारते. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मयतघरात, जिथं तीन दिवस माणसं येऊन बसतात-जेवतात, तिथं मी स्वयंपाकाच्या बाजूला उभा, पाहुण्यांसाठी लाल सुपाच्या वाट्या भरत होतो. ती आली, माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि हळूच म्हणाली,

‘गळाला काय लावलं होतं रे त्यानं?’

मी म्हणालो, किडे. ‘डबा कुठंय?’ मी वाट्या मोजायला लागलो. म्हणाली, ‘त्याच्या सामानात मी बघितलं. काठी होती, बादली कोरडी होती, डबा नव्हता. कोळंबीचं साल पण नव्हतं.’ मी भरलेली वाटी परत भांड्यात ओतली. कारण मला तेव्हा कळलं. आमचा डबा घरी होता. रबरसुद्धा काढलेलं नव्हतं. दादा गरवायला गेला आणि आमिष घेतलं नाही, असं कधी होईल? म्हणजे काठी कशाला नेली त्यानं? सांगा ना. गायला मिळावं म्हणून नेली. मी कुंपण घातलं, तर त्यानं कुंपणाला फट शोधली. त्याला जायचं होतं आणि आत पण राहायचं होतं, आपल्या माणसांत, गाण्याच्या आत — आणि एवढं सगळं नीट मांडलं आणि किडे विसरला, गाढव, माझा गाढव दादा, किडे विसरला.

मी आजीला म्हणालो, फादरना सांगू नका, गाणं थांबेल. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली. म्हणाली, ‘कुणी सांगितलं तुला? आजोबानं? तुझा आजोबा मेल्याला किती वर्षं झाली! आता तसं नाही. चांगली वर्षं झाली तसं नसल्याला. मिस्सा होते, गाणं होतं. माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी मीच गायले की, सगळ्यांना माहीत असताना. आजारानं गेलेला माणूस तो, आजारानं गेलेल्यासाठी गात नाहीत होय? अशांसाठी तर आम्ही जास्त जोरात गातो, लांब ऐकू जायला पाहिजे म्हणून.’ आणि पुढं म्हणाली, ‘जा, सूप गार होतंय, माणसं थांबलीत.’ आणि आत जाऊन बसली, आणि गायली. काका, काय गायली. छत फाटेल असं वाटलं. मी मात्र गायलो नाही. तीन दिवसांत एक ओळ नाही. समोरच्या बाजूनं ओळ यायची आणि मी उठून वाट्या गोळा करायला जायचो. म्हणजे ते कुंपण नव्हतंच. मीच मनानं घातलेलं. तो मला सरळ सांगू शकला असता — योंगग्यू, मला जावंसं वाटतंय, मला धरून ठेव — मी धरलं असतं, जाळ्यात गुंडाळून ठेवलं असतं, फादरांच्या दारात नेऊन टाकलं असतं. पण मी त्याला दार बंद करून दाखवलं, तर तो बोलेल कसा?

आईला माहीत नाही. हा डबा दिसला असता तर कळलं असतं, तिनंच ओरडून ठेवायला लावला होता ना कोपऱ्यात. म्हणून फेकायला आलो. आता — आता मला कळत नाही फेकू का. उघडू? थांबा, रबर कडक झालंय. ... बघा. भुशात. अजून हलतायत. इतके दिवस त्या थंडीत, मुळ्याच्या शेजारी, आणि हलतायत साले.

काका, एक बोलू? रागावू नका. मी भिंतीवर चढलो तेव्हाच बघितलं मी. तुमची तंगूस पाण्यात नाही. गळ तुमच्या गुडघ्याजवळ लोंबतोय, आणि त्याला काही नाही. शेजारी डबा नाही, पिशवी नाही, बादली नाही. काठीला दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच आहे.



मला तुमचं नाव माहीत नाही, तुमचा देव कोण, आहे की नाही, ते पण माहीत नाही. मला चांगलं बोलता येत नाही, मागच्या वेळी चांगलं बोलायला गेलो तर काय झालं ते आत्ताच सांगितलं. भीती मी परत कुणाला घालणार नाही. हे घ्या — डबा धरतो मी, हात लांब करा. घ्या एक किडा, लावा गळाला. खरंच मासे धरायला आला असाल तर लावाल. मी माफी मागेन आणि जाईन, शपथ.

लावा ना.

...

बरं. बरं, नका लावू. रडा, काही हरकत नाही, इथं कुणी येत नाही. मी येतो खाली. येतो म्हटलं ना, मामेभावाच्या बुटांची ऐशीतैशी. तुम्ही हलू नका, फक्त हात वर करा. आमच्या घरी आत्ता पन्नास माणसांचा भात शिजलाय आणि जेवायला कुणाला भूक नाही, एक वाटी तुम्ही संपवा, बस्स, बाकी काही बोलू नका, आईला मी सांगेन तुम्ही कोण ते — मी सगळंच सांगेन तिला आज, आगाथा आजी असेल शेजारी. डावा पाय नको, तिथं शेवाळ आहे. उजवा. हां. धरा, घट्ट धरा, मनगटाला धरा, बोटांना नाही.

आणि काठी घ्या. नाही, घ्या म्हणतो ना. काठी इथं ठेवायची नाही.